‘ठरवितां येत नाहीं’ हेंही एक उत्तर

आपल्या शहरांतील सुशिक्षित घरांत हल्लीं एक तीन अक्षरी नांव वरचेवर कानीं पडतें. तें नांव म्हणजे जी. आर. ई. मुलगा किंवा मुलगी पदवीधर होण्याच्या बेतांत असते, पुढील शिक्षणासाठीं अमेरिकेस जाण्याचा विचार घरांत चाललेला असतो, आणि त्या वाटेवर ‘ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन’ या परीक्षेचें दार लागतें. या परीक्षेंतील गणिताविषयीं वडीलधाऱ्या मंडळींचें मत बहुधा ठरलेलें असतें. ‘गणिताची कसली काळजी? सारें शाळेंतलेंच तर गणित!’ असें म्हणून ती मंडळी मोकळी होतात आणि उमेदवार इंग्रजी शब्दांच्या पाठांतराला लागतो.

हें मत खोटें नाहीं. पण तें अर्धेंच खरें आहे. या परीक्षेच्या गणितांत अंकगणित, बीजगणित, भूमिति आणि आंकडेशास्त्राचीं मूलतत्त्वें एवढेच विषय येतात. त्रिकोणमिति नाहीं, कलनशास्त्र नाहीं. सिद्धता लिहावयास कोणी सांगत नाहीं. आपल्याकडील विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यानें हें सारें केव्हांच मागें टाकलेलें असतें. आणि तरीही गणित उत्तम येणारा उमेदवार या परीक्षेंतून कित्येकदां खिन्न मुद्रेनें बाहेर पडतो. याचें कारण गणिताच्या विषयांत नसून प्रश्नांच्या आकारांत आहे. ओळखीचा मनुष्य अनोळखी वेषांत समोर यावा, तसें तेथें होतें. आजच्या भाषणांत मी या वेषांविषयींच बोलणार आहें. ते वेष चार आहेत. आणि त्यांतील प्रत्येक वेष उमेदवाराकडून निराळ्या गुणाची अपेक्षा करितो, असें मला दाखवावयाचें आहे. ऐकतांना कागद-पेन्सिल जवळ असल्यास बरें. नसली तरी अडणार नाहीं, इतकीं सोपीं उदाहरणें मीं घेतलीं आहेत.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. या परीक्षेचा आरंभ १९३६ सालीं कार्नेगी फाउंडेशन या संस्थेनें अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चार विद्यापीठांच्या सहकार्यानें केला. १९४८ पासून ती चालविण्याचें काम एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था करीत आली आहे. तयार उत्तरांतून एक निवडावयाचें, ही पद्धति त्याहूनही जुनी. अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत फ्रेडरिक केली यांनीं १९१४-१५ च्या सुमारास मुलांच्या वाचनाची परीक्षा घेण्यासाठीं ती वापरली. पुढें १९३८ सालीं आय. बी. एम. कंपनीनें उत्तरपत्रिका तपासणारें यंत्र बाजारांत आणलें. पेन्सिलीच्या शिशांतून वीज वाहते, या साध्या गोष्टीवर तें चालत असे. योग्य जागीं काळी खूण असली कीं यंत्राला ती कळे.

यावरून ध्यानांत येईल कीं, परीक्षेंतील प्रश्नांचा आकार केवळ शिक्षणशास्त्रानें ठरविलेला नाहीं. हजारों उत्तरें थोड्या वेळांत आणि पक्षपात न होतां तपासावयाचीं, ही अडचण त्याच्या मुळाशीं आहे. यंत्राला रीत वाचतां येत नव्हती, खूण तेवढी ओळखतां येत होती. म्हणून एका खुणेनें उत्तर देतां येईल असे प्रश्न घडविण्यांत आले. शाळेंतील गुरुजी उत्तर चुकलें तरी रीत बरोबर असल्यास निम्मे गुण देत असत. येथें तो दयाळूपणा नाहीं. हें एकदां मनाशीं पक्कें केलें, म्हणजे पुढील गोष्टी समजण्यास सोप्या जातील.

आज ही परीक्षा संगणकावर होते. २०२३ सालच्या सप्टेंबरांत तिचा कालावधि जवळजवळ निम्म्यावर आणण्यांत आला. तेव्हांपासून गणिताचे दोन भाग असतात. पहिल्या भागांत १२ प्रश्न व २१ मिनिटें. दुसऱ्यांत १५ प्रश्न व २६ मिनिटें. म्हणजे एकूण २७ प्रश्न आणि ४७ मिनिटें. एका प्रश्नाच्या वांट्यास पावणेदोन मिनिटांहूनही किंचित् कमी वेळ येतो. पहिल्या भागांत उमेदवारानें जें करून दाखविलें, त्यावरून दुसरा भाग सोपा द्यावा कीं कठीण, हें यंत्र ठरवितें. गुण १३० पासून १७० पर्यंत मिळतात. चुकीबद्दल गुण कापीत नाहींत. म्हणून एखादा प्रश्न कोरा सोडणें म्हणजे हातचें सोडणें होय. पडद्यावर एक साधें गणनयंत्रही दिलेलें असतें. चार मूलक्रिया आणि वर्गमूळ एवढें काम तें करतें. तें हाताशीं असतांही प्रश्न कठीण वाटतात, यावरूनच कठीणपणा आंकडेमोडींत नाहीं हें उघड आहे.

आतां पहिला आकार घेऊं. हा तुलनेचा प्रश्न. दोन राशि समोरासमोर मांडलेल्या असतात. आपण त्यांस पहिली आणि दुसरी म्हणूं. विचारणा एकच : यांतील मोठी कोणती? उत्तराचे पर्याय चार आणि ते कधींही बदलत नाहींत. पहिली मोठी; दुसरी मोठी; दोन्ही सारख्या; आणि चौथा पर्याय असा कीं, दिलेल्या माहितीवरून संबंध ठरवितां येत नाहीं.

एक उदाहरण पाहा. पहिली राशि ३७ गुणिले ४८. दुसरी ३८ गुणिले ४७. आपला मेहनती विद्यार्थी लागलीच दोन गुणाकार मांडतो, १७७६ आणि १७८६ असीं उत्तरें काढतो आणि दुसरी राशि मोठी असें सांगतो. उत्तर बरोबर आहे. पण त्याला मोठी कोणती एवढेंच विचारलें होतें. किंमत कोणी विचारली नव्हती. दोन्ही राशींतून ३७ गुणिले ४७ एवढा भाग बाजूला काढा. पहिलींत ३७ उरतात, दुसरींत ४७. प्रश्न तेथेंच संपला. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखें वजन उचललें तर कांटा हलत नाहीं, हें वाण्याच्या दुकानांत आपण रोज पाहतों. तुलनेच्या प्रश्नाचें सारें मर्म त्या तराजूंत आहे.

दुसरें उदाहरण घरगुती घेऊं. एका दुकानदारानें साडीची किंमत प्रथम शेंकडा वीस वाढविली आणि नंतर त्या वाढलेल्या किमतीवर शेंकडा वीस सूट दिली. पहिली राशि साडीची मूळ किंमत, दुसरी राशि शेवटची किंमत. मोठी कोणती? समजा, घरांत हा प्रश्न निघाला. आजोबा म्हणतील, ‘अगं, साडीची किंमत सांगितल्यावांचून उत्तर कसें यावयाचें? चौथा पर्याय लिही.’ नात म्हणेल, ‘आजोबा, किंमत कितीही असूं द्या ना. वाढलेल्या किमतीचा पांचवा हिस्सा मूळ किमतीच्या पांचव्या हिश्शाहून मोठा असणारच. म्हणजे वाढलें थोडें आणि उतरलें जास्त.’ नातीचें म्हणणें बरोबर आहे. पांचशेंची साडी सहाशेंवर जाऊन चारशें ऐंशीवर येते. आणि किंमत कांहींही धरली तरी शेवटीं मूळ किमतीचे शंभरांतील शहाण्णव भागच उरतात. किंमत ठाऊक नाहीं आणि तरीही तुलना निश्चित आहे. अज्ञान आणि अनिश्चितता या दोन गोष्टी एक नव्हेत, हा पहिला धडा.

आतां तिसरें उदाहरण. पहिली राशि क्षचा वर्ग; दुसरी राशि क्ष. आणखी कांहीं माहिती दिलेली नाहीं. घाईचा उमेदवार क्षच्या जागीं ३ घालतो, ९ ही ३ पेक्षां मोठी पाहतो आणि पहिली मोठी म्हणून पुढें जातो. पण क्ष जर १ असला, तर दोन्ही सारख्या होतात. क्ष जर अर्धा असला, तर वर्ग पाव होतो आणि दुसरी राशि मोठी ठरते. येथें चौथा पर्याय हाच खरा. मात्र ‘क्ष ही ऋण संख्या आहे’ एवढे पांच शब्द कोणी वर लिहिले, तर वर्ग धन होतो, क्ष शून्याहून लहान राहतो, आणि पहिली राशि निःसंशय मोठी ठरते. एका ओळीनें अनिश्चिताचें निश्चित झालें.

श्रोतेहो, या तिसऱ्या उदाहरणांत तर्कशास्त्राचा एक मोठा नियम दडलेला आहे. ‘ठरवितां येत नाहीं’ हें सिद्ध करण्यास दोनच उदाहरणें पुरतात; एकांत पहिली मोठी निघाली आणि दुसऱ्यांत तशी निघाली नाहीं, कीं काम झालें. उलट ‘पहिलीच नेहमीं मोठी’ हें सिद्ध करण्यास शंभर उदाहरणेंही पुरत नाहींत. तेथें कारण दाखवावें लागतें, जसें साडीच्या बाबतींत नातीनें दाखविलें. म्हणून संख्या घालून पाहावयाची असेल, तर सोयीच्या संख्या न घेतां गैरसोयीच्या घ्याव्या : शून्य, एक, अपूर्णांक, ऋण संख्या. आपल्या मताला विरोध करील असा साक्षीदार मुद्दाम बोलवावा. आणि एक गोष्ट उघड आहे. दोन्ही राशींत अज्ञात कांहींच नसेल, नुसत्या संख्या असतील, तर चौथा पर्याय कधींच खरा असूं शकत नाहीं. कारण दोन निश्चित संख्यांचा संबंध ठरलेलाच असतो.

भूमितीच्या आकृतींविषयीं येथेंच सांगतों. या परीक्षेंतील भूमितीच्या आकृति प्रमाणांत काढलेल्या असतीलच असें नाहीं, अशी स्पष्ट सूचना असते. दोन बाजू ५ आणि १२ असलेला त्रिकोण पडद्यावर काटकोनासारखा दिसतो. पहिली राशि तिसरी बाजू, दुसरी राशि १३. पायथागोरसचा सिद्धांत तोंडपाठ असलेला उमेदवार ‘दोन्ही सारख्या’ असें सांगून मोकळा होतो. पण कोन काटकोन आहे असें कोठें म्हटलें आहे? तिसरी बाजू ७ पेक्षां मोठी आणि १७ पेक्षां लहान, एवढेंच आपण जाणतों. डोळ्यांना दिसलें आणि माहितींत दिलें, यांतील फरक येथें तपासला जातो. आलेख, स्तंभाकृति, संख्यारेषा यांची गोष्ट मात्र उलट आहे. त्या प्रमाणांतच काढलेल्या असतात आणि त्यांवरून डोळ्यांनीं अंदाज बांधण्यास हरकत नाहीं.

दुसरा आकार सर्वांच्या ओळखीचा : पांच पर्याय आणि त्यांतील एकच बरोबर. हा सर्वांत निरुपद्रवी वाटतो, पण त्याचा एक स्वभाव ओळखून असावें. चुकीचे पर्याय कोणी डोळे मिटून लिहिलेले नसतात. सहा मजुरांना एका कामास दहा दिवस लागतात, तर चार मजुरांना किती? ज्यानें त्रैराशिक उलट करण्याऐवजीं सरळ मांडलें, त्याचें उत्तर सहा पूर्णांक दोन तृतीयांश दिवस येतें. आणि तें उत्तर पर्यायांत त्याची वाट पाहत बसलेलें असतें. आपलें उत्तर छापलेलें दिसलें कीं मनुष्याला धीर येतो. पण तो धीर खोटा असतो. खरें उत्तर पंधरा दिवस. मजूर कमी झाले तर दिवस वाढले पाहिजेत, एवढा विचार आधीं करणाऱ्याला आंकडेमोडीपूर्वींच तो सापळा दिसतो. उलट पर्याय समोर असल्याचा प्रामाणिक फायदाही घेतां येतो. समीकरण सोडविण्याऐवजीं एकेक पर्याय त्यांत घालून ताळा पाहावा; कधीं कधीं तोच जवळचा मार्ग असतो.

तिसरा आकार त्याच कुळांतला, पण अधिक कडक. येथें पर्याय दिलेले असतात, आणि त्यांतील जे जे बरोबर असतील ते सारे निवडावयाचे असतात. एक असेल, दोन असतील, सगळेही असतील. पुष्कळदां संख्या सांगितलेली नसते. एक सुटला किंवा एक अधिक घेतला, तर सर्व उत्तर चूक. अर्धा गुण नाहीं.

उदाहरण ऐका. एका धन पूर्णांकाला १२ नें निःशेष भाग जातो आणि १८ नेंही जातो. तर खालीलपैकीं कोणत्या संख्यांनीं त्याला खात्रीनें भाग जातो? पर्याय असे : ८, ९, २४, ३६ आणि ५४. जो १२ आणि १८ यांचा गुणाकार करून २१६ ही संख्या डोळ्यांपुढें ठेवतो, त्याला पांचही पर्याय बरोबर वाटतात. कारण २१६ ला या पांचांनींही भाग जातो. पण अट पुरी करणारी सर्वांत लहान संख्या ३६ आहे, हें लघुतम साधारण विभाज्य काढणाऱ्यास ठाऊक असतें. ३६ ला ८ नें, २४ नें किंवा ५४ नें भाग जात नाहीं. म्हणून ९ आणि ३६ हीं दोनच उत्तरें खरीं. प्रश्नांतील सारें वजन ‘खात्रीनें’ या एका शब्दावर आहे. ‘जाऊं शकतो’ आणि ‘गेलाच पाहिजे’ यांतील भेद ज्याला कळतो, त्याच्यासाठीं हा आकार आहे. बोलतांना आपण हे दोन प्रयोग सर्रास एकमेकांच्या जागीं वापरतों. गणित तसें करूं देत नाहीं.

चौथ्या आकारांत पर्यायच नसतात. एक रिकामी चौकट असते; उत्तर आपण टंकावयाचें. अपूर्णांक हवा असल्यास दोन चौकटी असतात, एक अंशाची आणि एक छेदाची. येथें परीक्षा उदार आहे. अडीच हें दोन दशांश पांच लिहा किंवा पुढें एक शून्य वाढवा, दोन्ही चालतात. सहा अष्टमांश आणि तीन चतुर्थांश हींही सारखींच मानतात. अपूर्णांक संक्षिप्त रूपांत देण्याची सक्ति नाहीं. पण चौकट मुकी असते, आणि हाच तिचा कडकपणा. एक मोटार ६० किलोमीटर अंतर तासीं ३० च्या वेगानें गेली आणि तेंच अंतर तासीं ६० च्या वेगानें परत आली. सरासरी वेग किती? पुष्कळ जण पंचेचाळीस म्हणतात. जाण्यास दोन तास, येण्यास एक तास, एकूण अंतर १२०. तेव्हां सरासरी तासीं ४०. पर्याय असते तर ४५ आणि ४० हे दोन्ही दिसून मनांत शंका तरी उभी राहिली असती. रिकामी चौकट शंका उभी करीत नाहीं. ती ४५ मुकाट्यानें पोटांत घालते. म्हणून येथें ताळा पाहण्याची संवय हाच एक आधार. चौकटीपुढें शेंकडेवारीचें चिन्ह छापलेलें आहे कीं नाहीं, उत्तर मिनिटांत मागितलें कीं तासांत, किती स्थळांपर्यंत आसन्न मूल्य हवें, हेंही वाचून घ्यावें लागतें.

याखेरीज कांहीं प्रश्नांचा एक गट एकाच कोष्टकावर किंवा आलेखावर बेतलेला असतो. आकार वरील चारांपैकींच. पण माहिती सामाईक. त्यांत नेहमींची अडखळण्याची जागा सांगतों. एखाद्या वर्गांतील मुलींचें प्रमाण शेंकडा ४० वरून शेंकडा ५० वर गेलें. ही वाढ शेंकडा दहा कीं शेंकडा पंचवीस? प्रमाणांत दहा अंशांची भर पडली, पण मूळच्या ४० वर १० म्हणजे शेंकडा पंचवीस वाढ झाली. वर्तमानपत्रें वाचणाऱ्या प्रत्येकानें हा भेद जाणावा, मग तो परीक्षेस बसो वा न बसो.

चुलतभावाप्रमाणें असलेल्या आणखी एका आकाराचा उल्लेख करितों. व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशासाठीं जी. एम्. ए. टी. नांवाची निराळी परीक्षा आहे. तिच्यांत ‘माहिती पुरेशी आहे काय?’ असा प्रश्न असतो. वर्गांत मुली किती, हें विचारून दोन विधानें देतात. पहिलें : वर्गांत एकूण ४० विद्यार्थी आहेत. दुसरें : मुली मुलांच्या तिप्पट आहेत. उमेदवारानें मुलींची संख्या सांगावयाची नसते. एकटें पहिलें पुरतें काय, एकटें दुसरें पुरतें काय, कीं दोन्ही लागतात, एवढेंच सांगावयाचें असतें. येथें दोन्ही मिळून पुरतात. २०२३ च्या अखेरीस त्या परीक्षेची नवी आवृत्ति निघाली, तेव्हां हा प्रकार गणिताच्या भागांतून काढून सामग्रीच्या विश्लेषणाच्या स्वतंत्र भागांत नेण्यांत आला. मला हें स्थलांतर अर्थपूर्ण वाटतें. किती माहितीवर निर्णय घ्यावा, हा प्रश्न गणिताचा जितका, तितकाच व्यवहाराचाही आहे.

आपल्या देशांतही हे आकार रुजले आहेत. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीं असलेल्या गेट परीक्षेंत संख्या टंकण्याचे प्रश्न असतात, आणि २०२१ पासून अनेक पर्याय निवडण्याचे प्रश्नही आले आहेत. या दोन्ही प्रकारांत चुकीबद्दल गुण कापीत नाहींत. एकच पर्याय निवडावयाच्या प्रश्नांत मात्र कापतात. व्यवस्थापनसंस्थांच्या कॅट परीक्षेंतही टंकावयाच्या उत्तरांस हीच सवलत आहे. याचें कारण उघड आहे. चार पर्यायांत अंदाजानें खूण करणाऱ्याला चारांतून एकदां यश येतें. रिकाम्या चौकटींत अंदाज चालत नाहीं. तेव्हां प्रश्नाच्या आकाराबरोबर दंडाचा नियमही बदलतो. आणि एका परीक्षेंत शहाणपणाची ठरलेली चाल दुसरींत तोट्याची ठरते. दोन परीक्षा एकाच हंगामांत देणाऱ्या मुलामुलींनीं हें विशेष लक्षांत ठेवावें.

येथपर्यंत आकारांचें वर्णन झालें. आतां त्या वर्णनामागील मुख्य प्रश्नाकडे येतों. आपल्या घरांतील मुलांना आपण गणित कसें शिकविलें आहे? उदाहरण दिसलें कीं सोडवावयाचें. उत्तर पुस्तकाच्या मागील पानाशीं जुळलें कीं टिळा लावावयाचा. या शिक्षणाचे गुण मी कमी लेखीत नाहीं. पाढे, रीत, टापटीप आणि ताळा यांनीं आपल्या मुलांचा हात पक्का केला आहे. परंतु या शिक्षणांत प्रत्येक उदाहरणाला उत्तर असतेंच, अशी एक न बोललेली हमी असते. पुस्तकांतील माहिती कधीं कमी पडत नाहीं आणि कधीं उरतही नाहीं. त्यामुळें मिळालेली माहिती पुरेशी आहे कीं नाहीं, हें विचारण्याची संवयच मोडते. तुलनेच्या प्रश्नांत आपलीं हुशार मुलें चुकतात, तीं आंकडेमोडींत चुकत नाहींत. उत्तर असलेंच पाहिजे या श्रद्धेपायीं चुकतात. ‘ठरवितां येत नाहीं’ असें लिहिणें त्यांना पराभवाची कबुली वाटते. वास्तविक तेंही एक पूर्ण आणि निश्चित उत्तर आहे. आणि तें देण्यास पुष्कळदां अधिक गणित यावें लागतें.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. या परीक्षेला रीत दिसत नाहीं. एकानें सुंदर विचार करून शेवटीं बोट चुकविलें आणि दुसऱ्यानें अंदाजानें खूण केली, तर यंत्र दुसऱ्याला गुण देतें. मनांत नवा प्रश्न उभा करण्याची शक्ति, एका प्रश्नापाशीं महिनेंच्या महिने बसण्याची चिकाटी, हे संशोधनाला लागणारे गुण पावणेदोन मिनिटांत मोजतां येत नाहींत. म्हणूनच प्रवेशाचा निर्णय या गुणांवरच केवळ घेऊं नये, असें परीक्षा घेणारी संस्था स्वतः विद्यापीठांना सांगत असते. आणि २०२० नंतर अमेरिकेंतील अनेक विभागांनीं ही परीक्षा ऐच्छिक केली किंवा मागणेंच सोडून दिलें. तेव्हां परीक्षेस बसण्यापूर्वीं ज्या विभागांत जावयाचें, तेथें ती मागतात कीं नाहीं, हें पाहून घेणें हा पहिला व्यवहार.

ज्यांना ती द्यावयाची आहे, त्यांच्या पालकांना दोन-तीन सूचना करितों. शिकवणीच्या वर्गांत युक्त्यांची यादी मिळते. ती मुलाला पाठ करावयास लावण्याऐवजीं, ती युक्ति कां चालते, एवढें त्याला विचारा. कारण सांगतां आलें तर युक्ति त्याची झाली. न आलें तर ती ऐन वेळीं दगा देईल. सरावाच्या वेळीं चुकलेल्या उदाहरणांचे दोन ढीग करावयास सांगा : गणित न आल्यानें चुकलेलीं आणि प्रश्न न वाचल्यानें चुकलेलीं. दुसरा ढीग मोठा दिसला, तर नवें पुस्तक आणण्याची गरज नाहीं. जुनेंच सावकाश वाचण्याची आहे. आणि शेवटची सूचना अशी कीं, गणनयंत्राला हात लावण्यापूर्वीं उत्तर साधारण केवढें येईल, हें तोंडानें बोलण्याची संवय त्याला लावा.

निकालाच्या दिवशीं घरोघरीं एक तुलनेचा प्रश्न मांडला जातो. पहिली राशि, आपल्या मुलाचे गुण. दुसरी राशि, शेजारच्या मुलीचे गुण. यांतील मोठी राशि कोणती, हें कोणालाही सांगतां येईल. त्या तर दोन निश्चित संख्या आहेत. पण त्याच श्वासांत आपण विचारतों कीं, दोघांत अधिक बुद्धिमान कोण, पुढें अधिक नांव कोण काढील? त्या प्रश्नाला दिलेली माहिती पुरत नाहीं. तेथें चौथा पर्याय लिहावा. परीक्षा देणाऱ्या मुलानें तो ओळखावा अशी आपली अपेक्षा असते. परीक्षा संपल्यावर तो आपणही ओळखावा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.